‘गेट’ कसं वापरायचं: एका छोट्या इंग्रजी क्रियापदाची पायरी-पायरीने ओळख

मराठी माध्यमात शिकलेली आपल्याकडची मुलं इंग्रजीतल्या लांबलचक शब्दांपाशी फारशी अडत नाहीत. विज्ञानातले, नागरिकशास्त्रातले जड शब्द पाठ होतात, परीक्षेत बरोबर लिहिलेही जातात. अडतात ती जी-ई-टी या तीन अक्षरांपाशी. शब्दकोश उघडला की मिळणे, मिळवणे, होणे, पोहोचणे, आणणे, समजणे, करवून घेणे अशी रांग लागते आणि मूल कोश मिटून ठेवतं. पुढे हेच मूल जळगाव, धुळे, नंदुरबारहून पुण्या-नाशिकला नोकरीला जातं. तिथे ऑफिसात प्रत्येक दुसऱ्या वाक्यात हा शब्द कानावर येतो. ऐकून समजतो, पण तोंडात येत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी उच्चाराचं बघू. देवनागरीत ‘गेट’ लिहिलं की रेल्वेचं गेटही तेच आणि आपलं क्रियापदही तेच. इंग्रजीत मात्र दोन्ही वेगळी आहेत. दरवाजाच्या गेटमधला ‘ए’ लांबवतात. क्रियापदातला ‘ए’ आखूड असतो, ‘एक्का’ म्हणताना पहिला ‘ए’ जसा पटकन संपतो तसा. भूतकाळी रूप ‘गॉट’. अमेरिकेत तिसरं रूप ‘गॉटन’ करतात. आपल्याकडे शाळेत ब्रिटिश वळणाने ‘गेट, गॉट, गॉट’ शिकवतात. तुम्ही तेच धरा, पण अमेरिकन माणूस ‘गॉटन’ म्हणाला तर तो चुकला असं समजू नका.

एका शब्दाला इतके अर्थ कसे?

ही इंग्रजीची एकटीची तऱ्हा नाही. आपलं ‘लागणे’ घ्या. भूक लागली, ठेच लागली, नोकरी लागली, डोळा लागला, फोन लागला. चाळीसगाव सोडलं की घाट लागतो. कापसाला यंदा बरा भाव लागला. जावं लागलं, रडायला लागला. आणि हे दोन जवळून बघा: ‘विहिरीला पाणी लागलं’ आणि ‘भिंतीला पाणी लागलं’. पाणी तेच, क्रियापद तेच. पहिलं ऐकून घरात पेढे वाटतात, दुसरं ऐकून गवंड्याला बोलावतात. शेजारी विहीर आहे की भिंत, एवढ्यावर अर्थ फिरला. ‘लागणे’चे अर्थ कुणी पाठ केले नव्हते. शेजारचे शब्द बघून ते आपोआप कळत गेले. घरात ‘माले भूक लागनी’ म्हणणाऱ्या आणि शाळेत ‘मला भूक लागली’ लिहिणाऱ्या मुलाला ही सवय तर दोन भाषांत आहे.

‘गेट’चंही तसंच आहे. हा शब्द इंग्रजीत आला तो उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून. नवव्या शतकापासून स्कँडिनेव्हियातले लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात वस्ती करून राहिले, त्यांच्या बोलीतलं ‘गेटा’ पुढे इंग्रजीत रुजलं. मूळ अर्थ मिळवणे, हाती लागणे. बाकीचे अर्थ त्यातूनच फुटले असं धरलं तर समजायला सोपं जातं. वस्तू हाती लागली म्हणजे मिळाली, ठिकाण हाती लागलं म्हणजे पोहोचलो, मुद्दा हाती लागला म्हणजे समजलं.

आपल्या बोलीतही याला जवळचा शब्द आहे. खानदेशात ‘पैसे भेटले’, ‘सुट्टी भेटली’, ‘गाडी भेटली नाही’ असं सर्रास म्हणतात. पुण्यात गेल्यावर ‘वस्तू मिळतात, माणसं भेटतात’ असं कुणीतरी दुरुस्त करतं आणि मुलगा ओशाळतो. ओशाळायचं काही कारण नाही. आपलं हे ‘भेटणे’ म्हणजे बऱ्याच ठिकाणी थेट ‘गेट’ आहे. फक्त माणूस भेटला तर ‘गेट’ चालत नाही, तिथे ‘मीट’ हवं. ‘आय मेट माय अंकल ॲट द स्टेशन’ म्हणा.

पायरी पहिली: अर्थ आठवू नका, पुढचा शब्द बघा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. ‘गेट’ आलं की पुढे कोण उभं आहे ते बघा.

पुढे वस्तू असेल तर मिळणे, आणणे किंवा विकत घेणे. पुढे अवस्था सांगणारा शब्द, म्हणजे थकलेला, तयार, गरम असा असेल तर होणे. पुढे ‘टू’ आणि ठिकाण असेल तर पोहोचणे. पुढे ‘टू’ आणि क्रियापद असेल तर करायला मिळणे. पुढे वस्तू आणि तिच्यामागे क्रियापदाचं तिसरं रूप असेल तर दुसऱ्याकडून करून घेणे. पुढे माणूस, मग ‘टू’ आणि क्रियापद असेल तर त्याला तयार करणे. पुढे ‘ऑन’, ‘ओव्हर’, ‘थ्रू’ असा छोटा शब्द असेल तर जोडक्रियापद. त्याचं पुढे बघू.

‘आय गॉट अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी झाली. ‘आय गॉट कोल्ड’ म्हणजे मला थंडी वाजायला लागली. मधला ‘अ’ गेला, वस्तूची अवस्था झाली, आणि ‘मिळणे’चं ‘होणे’ झालं. पुढचा शब्द बघायची सवय लागली की असे फरक कानाला आपोआप जाणवतात.

पायरी दुसरी: ‘मला’चं ‘आय’ करा

मराठी माणसाची खरी अडचण इथे आहे, त्यामुळे या पायरीवर जास्त वेळ द्या.

आपण म्हणतो: मला ताप आला. मला पत्र आलं. मला शॉक लागला. मला धक्का बसला. मला सत्तर मार्क पडले. मला नोकरी लागली. मला कंटाळा आला. मला राग आला. क्रियापदं बघा: येणे, लागणे, बसणे, पडणे. आणि या वाक्यांत ‘मी’ कर्ता नाहीच. कर्ता ताप आहे, पत्र आहे, राग आहे. मी नुसता बाजूला ‘मला’ होऊन उभा आहे. हे जसंच्या तसं इंग्रजीत नेलं की ‘फीव्हर केम टू मी’ तयार होतं. मुलांच्या वह्यांत असं वाक्य हमखास सापडतं, आणि व्याकरणाचा नियम सांगून ते जात नाही, कारण मुलाच्या डोक्यात मराठी वाक्य अगदी बरोबर असतं.

इंग्रजीत माणूस पुढे येतो आणि ही सगळी क्रियापदं एका ‘गेट’मध्ये मावतात. आय गॉट अ फीव्हर. आय गॉट अ लेटर. आय गॉट अ शॉक. इथे विजेचा शॉक आणि मनाला बसलेला धक्का दोन्ही आले. आय गॉट सेव्हन्टी मार्क्स. आय गॉट अ जॉब. आय गॉट बोअर्ड. आय गॉट अँग्री.

करायची कृती अशी: मराठी वाक्यातला ‘मला’ शोधा, त्याचा ‘आय’ करून पुढे आणा, ‘तिला’ असेल तर ‘शी’, ‘त्यांना’ असेल तर ‘दे’. मग ‘गॉट’ लावा. मग आलेली, लागलेली, पडलेली गोष्ट मांडा.

दोन-तीन ठिकाणी जपून. ‘मला कंटाळा येतोय’ला ‘आय ॲम गेटिंग बोअर’ म्हणतात, ते चूक. शेवटी ‘बोअर्ड’ हवं. ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणालात तर समोरच्याला ‘मी रटाळ माणूस आहे’ असं ऐकू जातं. ‘मला भूक लागली आहे’ ही आत्ताची स्थिती झाली, तिथे ‘आय ॲम हंग्री’ पुरतं. ‘आय गॉट हंग्री’ म्हणजे मधेच भूक लागली. ‘आय ॲम गेटिंग लेट’ भारतात सगळे म्हणतात आणि समजतंही, पण बाहेरच्या लोकांशी बोलताना ‘आय ॲम रनिंग लेट’ किंवा ‘इट्स गेटिंग लेट’ बरं. आणि मूल झालं त्याला ‘गेट’ लावायचं नाही. ‘दे हॅड अ बेबी गर्ल’ म्हणतात.

पायरी तिसरी: ‘होणे’ आणि ‘असणे’ वेगळं ठेवा

‘आय वॉज टायर्ड’ म्हणजे मी दमलेलो होतो. ‘आय गॉट टायर्ड’ म्हणजे मी दमलो, आधी दमलेलो नव्हतो. ‘गेट’मध्ये बदल आहे. बदल हळूहळू होत असेल तर ‘गेटिंग’: ‘माय ग्रँडफादर इज गेटिंग बेटर’ म्हणजे आजोबांना आता बरं वाटायला लागलंय.

हवेबद्दल बोलताना पुढे ‘इट’ हवंच. मराठीत अंधार पडतो, ऊन तापतं, गारठा पडतो. इंग्रजीत सगळीकडे ‘इट’: इट गॉट डार्क, इट इज गेटिंग कोल्ड. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. ते बाहेरच्या माणसाला सांगायचं तर ‘इट गेट्स व्हेरी हॉट हिअर इन मे’.

क्रियापदाचं तिसरं रूप आलं की कुणीतरी किंवा कशानेतरी ते केलेलं असतं, बहुतेक वेळा नको असताना. ‘माय फोन गॉट स्टोलन’, ‘वुई गॉट लॉस्ट’. रावेरकडे वादळात केळीची बाग आडवी होते, तेव्हा ‘द बनाना प्लांट्स गॉट फ्लॅटन्ड’. नको असलेलंच असतं असं नाही. ‘शी गॉट मॅरीड’ इथेही तेच रूप आहे. इथे एक चूक फार होते. मराठीत लग्न कुणा‘शी’ होतं, म्हणून आपण ‘विथ’ लावतो. इंग्रजीत ‘टू’: ‘शी गॉट मॅरीड टू अ टीचर’.

पायरी चौथी: गाडीत चढणं, उतरणं, पोहोचणं

भुसावळ जंक्शनवर उभं राहून ही पायरी शिकता येईल. नियम सोपा आहे. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं त्याला ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’: रेल्वे, बस. ज्यावर टांग टाकून बसतो त्यालाही तेच: सायकल, मोटरसायकल, घोडा. जिथे वाकून आत शिरावं लागतं तिथे ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट ऑफ’: कार, रिक्षा. आपल्याकडे बसमधून उतरायला ‘गेट डाउन’ म्हणतात. भारतात चालून जातं. पण परदेशी माणसाला ‘गेट डाउन’ ओरडून सांगितलं तर तो डोकं खाली घालून बसेल, कारण त्याच्या कानाला त्याचा अर्थ ‘खाली वाक’ असा आहे. झाडावरून, शिडीवरून उतरायला मात्र ‘गेट डाउन’ अगदी बरोबर.

पोहोचण्यासाठी ‘गेट टू’: ‘व्हॉट टाइम डज धिस ट्रेन गेट टू मनमाड?’ पण घर, इथे आणि तिथे या तिघांच्या आधी ‘टू’ नको: गेट होम, गेट हिअर, गेट देअर. ‘गेट टू होम’ ही चूक पदवीधरांच्याही तोंडी असते.

पायरी पाचवी: स्वतः केलं की करवून घेतलं?

समजा, यावलकडे मळ्यातली पाण्याची मोटार जळाली. रात्रीच्या कमी दाबाच्या विजेने असं होतं. नाना विचारतात, “मोटार भरली का रे?” मुलगा म्हणतो, “हो नाना, भुसावळहून भरून आणली.” वाइंडिंग मुलाने स्वतःच्या हाताने भरलेलं नाही, कारागिराने भरलं. मराठीत ‘करून आणली’, ‘करून घेतली’ म्हटलं की हे आपोआप कळतं. इंग्रजीत आपण घाईने ‘आय रिवाउंड द मोटर’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं हा स्वतःच मिस्त्री आहे.

इथली मांडणी अशी: ‘गेट’, मग वस्तू, मग तिसरं रूप. आय गॉट द मोटर रिवाउंड. वुई गॉट द वेल डीपन्ड, म्हणजे विहीर खोल करून घेतली. आय गॉट माय हेअर कट. ‘आय कट माय हेअर’ म्हटलं तर आरशासमोर स्वतःच कात्री चालवली असा अर्थ होतो. तिसरं रूप शेवटी येतं, वस्तू मध्ये राहते. क्रम उलटला की अर्थ बिघडतो.

माणसाकडून काम करून घ्यायचं असेल तर मध्ये ‘टू’ येतो: ‘आय गॉट हिम टू साइन’. यात समजावणं आहे, थोडी मिनतवारी आहे. ‘आय मेड हिम साइन’ म्हणजे त्याला सही करायला भाग पाडलं. तिथे ‘टू’ नाही. मॅनेजरसमोर बोलताना हा फरक जपा. ‘मेड’ म्हणालात तर तुम्ही जबरदस्ती केल्यासारखं वाटेल.

बंद पडलेलं सुरू केलं तर ‘आयएनजी’: ‘वुई गॉट द पंप वर्किंग’.

कुणाला काही आणून द्यायला सांगायचं तर ‘गेट मी अ ग्लास ऑफ वॉटर’. घरात लहान भावाला हे ठीक. पाहुणे किंवा वडीलधारे असतील तर ‘कुड यू गेट मी…’ असं म्हणा. मराठीत आदर ‘द्या’, ‘आणा’ या रूपातच असतो. इंग्रजीत क्रियापदाला तशी सोय नाही, म्हणून तो ‘कुड यू’ आणि ‘प्लीज’ यांतून आणावा लागतो.

पायरी सहावी: ‘जायला मिळालं’ आणि ‘जावं लागलं’

‘आय गेट टू गो’ म्हणजे मला जायला मिळतं. ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे मला गेलंच पाहिजे. एकात आनंद, दुसऱ्यात सक्ती. बोलताना दुसऱ्यातला ‘हॅव’ गिळला जातो आणि ‘गॉटा गो’ एवढंच ऐकू येतं. म्हणून कुणी उठता उठता ‘गॉटा गो’ म्हणालं तर तो निघायची घाई सांगतोय. भूतकाळात सक्तीसाठी ‘हॅड टू’ येतं, आणि ‘गॉट टू’ करायला मिळालं या अर्थासाठी राहतं. ‘आय गॉट टू सी अजिंठा’: अजिंठा बघायला मिळालं.

नुसतं ‘हॅव गॉट’ म्हणजे जवळ असणे: ‘आय हॅव गॉट टू ब्रदर्स’. प्रश्न विचारताना ‘डिड यू गॉट’ म्हणू नका. ‘डिड’ आला की ‘गेट’ मूळ रूपात राहतो: ‘डिड यू गेट माय मेसेज?’

कळलं म्हणायचं तर ‘गॉट इट’. कळलं नाही तर ‘आय डोन्ट गेट इट’, पण साहेबांना हे न म्हणता ‘आय डिडन्ट क्वाइट अंडरस्टँड’ म्हणावं.

पायरी सातवी: जोडक्रियापदं, निवडून

‘गेट’ला छोटे शब्द जोडून झालेली क्रियापदं पुष्कळ आहेत. पुस्तकातली सगळी यादी पाठ करण्यात वेळ जातो. ज्यांना एकेक नेमकं मराठी क्रियापद आहे ती आधी घ्या. ‘गेट बाय’ म्हणजे भागणे: ‘वुई गेट बाय’, आमचं भागतं. ‘गेट अलाँग’ म्हणजे पटणे: जावाजावांचं चांगलं पटतं, ‘दे गेट अलाँग वेल’. ‘गेट अवे विथ’ म्हणजे पचणे, वाईट काम करूनही निभावणे. ‘गेट ओव्हर’ म्हणजे आजारातून, दुःखातून सावरणे. ‘गेट थ्रू’ म्हणजे फोन लागणे किंवा परीक्षेतून पार पडणे. ‘आय कान्ट गेट थ्रू’ म्हणजे फोनच लागत नाही. ‘गेट रिड ऑफ’ म्हणजे नको असलेलं घालवणे.

मुलाखतीला जाणाऱ्यांनी एक पक्कं लक्षात ठेवा. ‘वुई विल गेट बॅक टू यू’ म्हणजे ‘आम्ही कळवतो’. यात होकार नाही, नकारही नाही. तुम्हीही हे वापरू शकता. पगाराचा आकडा विचारला आणि लगेच सांगायचा नसेल तर ‘कॅन आय गेट बॅक टू यू बाय मंडे?’ हे सभ्य उत्तर आहे. ‘गेट बॅक’ला ‘टू’ आणि माणूस जोडला नाही तर अर्थ परत येणे होतो.

लिहिताना कुठे टाळावं

‘गेट’ बोलीत शोभतं. अर्जात, बँकेच्या पत्रात, निबंधात जपून. पीकविम्याची रक्कम आली नाही हे लिहायचं तर ‘आय हॅव नॉट गॉट’ऐवजी ‘आय हॅव नॉट रिसीव्ह्ड द अमाउंट’ लिहा. मिळवणे असेल तर ‘ऑब्टेन’, होणे असेल तर ‘बिकम’, पोहोचणे असेल तर ‘अराइव्ह’ किंवा ‘रीच’. उलट मित्राशी गप्पा मारताना ‘आय ऑब्टेन्ड अ कप ऑफ टी’ म्हणू नका. तिथे ‘गॉट’च हवं.

कोश कोणता उघडायचा

ऑक्सफर्डचा मोठा ऐतिहासिक कोश शिकणाऱ्यासाठी नाही. त्याच्या १९८९ च्या २० खंडी आवृत्तीत एकट्या ‘सेट’ला ४३० अर्थ दिले आहेत. तो अभ्यासकांचा ग्रंथ आहे. तुम्ही शिकणाऱ्यांसाठीचा कोश घ्या, लाँगमन, केंब्रिज किंवा ऑक्सफर्ड लर्नर्स. हे इंटरनेटवर फुकट बघता येतात. लाँगमनचा कोश साधारण २००० सोप्या शब्दांतच सगळे अर्थ सांगतो. ‘गेट’ काढलंत की अर्थ वाचू नका, उदाहरणं वाचा, आणि प्रत्येक उदाहरणात ‘गेट’च्या पुढचा शब्द अधोरेखित करा.

रोज रात्री दिवसभरात घडलेल्या पाच गोष्टी आधी मराठीत लिहा, आपण बोलतो तशा. मग त्यातले ‘मला’, ‘करून आणलं’, ‘करायला मिळालं’, ‘पोहोचलो’ शोधून त्या वाक्यांचं इंग्रजी करा. इंग्रजीत विचार करायचा आटापिटा सुरुवातीला नको. मराठी वाक्य नीट बघता आलं की अर्धं काम झालं.

सुरुवातीला ही वाक्यं करून बघा, आणि खालची उत्तरं हाताने झाकून ठेवा: पाऊस यायच्या आत घरी पोहोच. कापूस वेचायला माणसं तयार होत नाहीत. मामींना अमळनेरहून लग्नपत्रिका आली. मी कसंबसं आबांना राजी केलं. ती धुळ्याला जाऊन दात काढून आली. मला कार्यक्रमात गायला मिळालं. मला कार्यक्रमात गावं लागलं.

उत्तरं याच क्रमाने: गेट होम बिफोर इट रेन्स. वुई कान्ट गेट पीपल टू पिक द कॉटन. मामी गॉट अ वेडिंग इन्व्हिटेशन फ्रॉम अमळनेर. आय समहाऊ गॉट आबा टू ॲग्री. शी वेंट टू धुळे अँड गॉट हर टूथ टेकन आउट. आय गॉट टू सिंग ॲट द प्रोग्राम. आय हॅड टू सिंग ॲट द प्रोग्राम.